देवपणाची नोकरी: ‘कामिसामा किस’ वाचायला घेण्यापूर्वी

नानामी मोमोझोनो ही शाळकरी मुलगी पहिल्या काही पानांतच रस्त्यावर येते. बाप जुगारी, कर्जाचा डोंगर करून ठेवला आणि एक दिवस पोबारा केला. राहतं घर गेलं. बागेत बसून आता जायचं कुठे याचा विचार करत असताना तिला झाडाला घट्ट बिलगलेला एक चष्मेवाला गृहस्थ दिसतो. खाली कुत्रं भुंकतंय आणि हा वर थरथरतोय. नानामी कुत्र्याला हाकलते. बोलता बोलता कळतं की या गृहस्थानेही बरीच वर्षं घराकडे पाऊल टाकलेलं नाही. उपकाराची फेड म्हणून तो तिला आपलं घर देऊ करतो, वाट दाखवणारा कागद हातात ठेवतो आणि तिच्या कपाळावर ओठ टेकवून निघून जातो. ती तिथे पोचते तर समोर मोडकळीला आलेलं देऊळ. तो गृहस्थ त्या देवळातला देव, मिकागे. वीस वर्षांपूर्वी देवळातून उठून जो गेला तो गेलाच. आणि कपाळावरचं ते चुंबन म्हणजे नानामीची त्याच्या जागी झालेली नेमणूक.

ज्युलिएट्टा सुझुकी यांच्या ‘कामिसामा हाजिमेमाशिता’ या मांगाची, म्हणजे जपानी चित्रकथेची, ही सुरुवात. इंग्रजीत ती ‘कामिसामा किस’ या नावाने ओळखली जाते. परीकथेतल्या अनाथ मुलीला शेवटी राजवाडा मिळतो. नानामीला सुरुवातीलाच देऊळ मिळतं, आणि त्याच्यासोबत वीस वर्षं तुंबलेलं काम. गळकं छप्पर, वाढलेलं गवत, भक्तांनी बोलून ठेवलेली आणि कुणीच न ऐकलेली गाऱ्हाणी, आणि नव्या मालकिणीला दारातही उभं करायला तयार नसलेला एक सेवक. पुढच्या पंचवीस खंडांत प्रेम आहे, राक्षस आहेत, पाताळ आणि भूतकाळ आहे. पण माझ्या मते या मालिकेची खरी गंमत ‘देव होणं म्हणजे रोजचं काम करणं’ या एका साध्या समजुतीत आहे. सुझुकी ही समजूत शेवटपर्यंत सोडत नाहीत, म्हणून ही कथा इतकी हलकी असूनही पोकळ वाटत नाही.

लेखिकेबद्दल थोडं. ज्युलिएट्टा हे टोपणनाव. जन्म फुकुओका प्रांतातला, पदार्पण २००४ मधलं. या मालिकेआधीची त्यांची ‘काराकुरी ओडेट’ सहा खंडांची आहे. तिच्यात एक यंत्रमानव मुलगी शाळेत जाते आणि माणसांसारखं वागायला शिकते. म्हणजे आपली नसलेली भूमिका अंगावर पडलेली मुलगी हा त्यांचा जुनाच विषय. ‘कामिसामा’ २००८ मध्ये सुरू झाली आणि २०१६ मध्ये संपली. ती छापून येत होती ‘हाना तो युमे’ या मासिकात. म्हणायचं मासिक, पण निघतं महिन्यातून दोनदा. हाकुसेन्शा या प्रकाशनाने १९७४ मध्ये ते काढलं. मुलींसाठीच्या मासिकांत त्याची ख्याती थोडी तऱ्हेवाईक गोष्टींना थारा देणारं म्हणून आहे. सुझुए मिउची यांची ‘गारासु नो कामेन’ ही रंगभूमीवरची महाकादंबरी इथेच १९७६ मध्ये सुरू झाली; तिच्या वाचकांच्या मुली वाचायच्या वयाच्या झाल्या, तरी ती संपलेली नाही. नात्सुकी ताकाया यांची ‘फ्रुट्स बास्केट’ १९९८ ते २००६ या काळात इथलीच. त्या कथेतली पोरकी मुलगी तंबूत राहत असते आणि राशिचक्रातल्या प्राण्यांच्या शापाने बांधलेल्या घराण्यात तिला आसरा मिळतो. ‘कामिसामा’ वाचताना ‘फ्रुट्स बास्केट’ आठवली नाही असा वाचक विरळा. छप्पर गमावलेली मुलगी आणि माणूस नसलेल्यांचं घर, ही जोडी या मासिकाला मानवते असं दिसतं.

जपानमध्ये मुलींच्या मांगाला ‘शोजो मांगा’ म्हणतात. सुरुवातीच्या काळात ती बहुतांशी पुरुषच काढत. ओसामु तेझुका यांची ‘रिबोन नो किशी’ १९५३ मध्ये सुरू झाली, तिची नायिका मुलाच्या वेशात तलवार चालवणारी राजकन्या. सत्तरच्या दशकात मोटो हागिओ, केइको ताकेमिया, युमिको ओशिमा अशा १९४९ च्या आगेमागे जन्मलेल्या बायकांची एक पिढी पुढे आली आणि तिने पानाची घडणच बदलून टाकली. चौकटी मोडल्या, मनातले विचार फुग्यातून बाहेर काढून पानभर सोडून दिले, पार्श्वभूमीला खोलीऐवजी मनःस्थिती काढली. आज शोजोचं पान उघडलं की फुलं, पिसं आणि रिकामी पांढरी जागा दिसते, ती या परंपरेतली. नवख्या वाचकाला ती सजावट वाटते. थोडं वाचल्यावर लक्षात येतं की कोण कुणाकडे कधी वळून बघतं, हे सांगायचं काम ती पांढरी जागा करते.

आता देवांकडे वळू. माणसाचा देव होणं, तेही एका शाळकरी मुलीचं, हे ऐकून आपल्याला जरा आगाऊपणा वाटेल. जपानच्या शिंतो परंपरेत त्यात धक्कादायक काही नाही. तिथले ‘कामी’, म्हणजे देव, ऐंशी लाख म्हणतात, आणि तो आकडा मोजण्यासाठी नाही, आपल्या तेहतीस कोटींसारखाच. डोंगर, धबधबा, जुनं झाड, चूल, आणि मेलेला माणूससुद्धा कामी होऊ शकतो. सुगावारा नो मिचिझाने हा दरबारातला विद्वान मंत्री. कारस्थानाला बळी पडून ९०१ मध्ये दाझाइफूला हद्दपार झाला आणि दोन वर्षांनी तिथेच वारला. पुढे राजधानीत संकटं आली, राजवाड्यावर वीज पडली, तेव्हा लोकांनी हा त्याचाच कोप मानला आणि त्याला ‘तेन्जिन’ म्हणून देवपद दिलं. आज तो विद्येचा देव आहे आणि परीक्षेच्या दिवसांत मुलं त्याच्या देवळात लाकडी पाट्यांवर नवस लिहून टांगतात. दाझाइफूचं त्याचं देऊळ फुकुओका प्रांतात आहे, म्हणजे सुझुकींच्याच मुलखात. यावरून काही सिद्ध करायचा मोह मी आवरते, पण माणसाला देवळात बसवणं त्या मुलखाला परकं नाही एवढं खरं.

मिकागेचं देऊळ जोड्या जुळवणाऱ्या देवाचं. त्यामुळे तिथे येणारी गाऱ्हाणी बहुतेक प्रेमाची. नानामीकडे सुरुवातीलाच येते ती हिमेमिको, दलदलीत राहणारी मागूर माशांची राजकन्या. एका लहान मुलाला तिने फार पूर्वी पाण्याकाठी रडताना पाहिलं होतं. तो कोतारो आता मोठा झालाय, आणि तिला त्याला भेटायचंय. सेवक तोमोए सरळ नकार देतो. माणूस आणि योकाई, म्हणजे माणसाच्या जगाबाहेरचे जीव, यांच्यात प्रेम निषिद्ध. त्याचं कधी भलं होत नाही. नानामीला या नियमाचं ओझं नाही, कारण तिला तो माहीतच नव्हता. ती हिमेमिकोला मुलीच्या रूपात गावात घेऊन जाते. मग जे घडतं ते मोठं काही नाही: कोतारो बुजरा आहे, राजकन्या त्याहून बुजरी, आणि दोघांना पुरतं एक वाक्यही बोलता येत नाही. सुझुकींनी हा प्रसंग घाईत उरकलेला नाही. देवाने काय केलं म्हणाल तर दोन लाजऱ्या जिवांना एका ठिकाणी आणून उभं केलं आणि स्वतः बाजूला झाला. चमत्कार त्याहून जास्त नाही. आणि ‘भलं होत नाही’ असं जो ठासून सांगत होता त्याच्या चेहऱ्याची एक छोटी चौकट वाचकाला सांगून जाते की याचं स्वतःचंही काही जुनं दुखणं आहे.

हा तोमोए कोल्हा आहे. चंदेरी केस, टोकदार कान, हातात पंखा, आणि तोंड अत्यंत फटकळ. पूर्वी त्याच्या नावाने माणसं थरथरत. मिकागेने त्याला माणसाळवलं आणि मग त्यालाच सोडून निघून गेला, म्हणून तो दुखावलेला. नानामीशी त्याचा करार होतो तो चुंबनाने, आणि तेही रानात एका म्हाताऱ्या राक्षसिणीच्या तावडीतून सुटण्यासाठी तिने घाईघाईत घेतलेल्या चुंबनाने. त्या क्षणापासून तो तिच्या शब्दाला बांधला जातो: ती आज्ञा म्हणून जे उच्चारेल ते त्याच्या शरीराला करावंच लागतं. इथे सुझुकींनी फार चलाखी केली आहे. अशा कथांत ताकद असते ती राजबिंड्या, शेकडो वर्षांच्या नायकाकडे. इथेही आहे, पण हुकूम चालतो मुलीचा. तिचा हुकूम सगळ्याला लागू पडतो आणि प्रेमाला पडत नाही, हे तिला फार लवकर कळतं. तिच्या मनातलं तो ऐकून घेतो आणि नाकारतो. त्यानंतर ती ना आज्ञा वापरते, ना रुसून देऊळ सोडते. सकाळी उठून कामाला लागते. मुलींसाठी लिहिलेल्या कथेत नकार पचवण्याचं इतकं शांत चित्रण मी फार थोड्या ठिकाणी वाचलं आहे.

आणि घरकाम? ते सगळं तोमोए करतो. स्वयंपाक, झाडलोट, डबा, वरून बोलणी. नानामीला शिताके अळंबी आवडत नाहीत हे कळल्यावर तो ती मुद्दाम रांधतो. खाष्ट सासू आणि रुसलेला नवरदेव एकाच अंगरख्यात वावरावेत तसा हा माणूस. चेष्टा सोडली, तर या सगळ्या रांधण्यावाढण्यामुळे एक गोष्ट होते: बेघर झालेल्या मुलीला कुणीतरी रोज जेवायला बोलावतं. प्रेमाचा उच्चार होण्याच्या कितीतरी आधी हे सुरू झालेलं असतं.

विनोदाचा एक नमुना द्यायलाच हवा. कुरामा नावाचा कावळ्याच्या पंखांचा तेन्गू, म्हणजे जपानी दंतकथांतला एक योकाई, माणसांच्या जगात पॉप गायक म्हणून नाव काढतो आणि नानामीच्या शाळेत दाखल होतो. मनसुबा असा की देवपद लाभलेल्या या मुलीचं काळीज खायचं आणि बळ वाढवायचं. तोमोए येतो आणि त्याचा शहामृग करून टाकतो. पुढे शहामृगाचं कालवण करायची भाषा. जीव घ्यायला आलेला खलनायक एका पानावर असा हास्यास्पद होतो आणि नंतर हळूहळू घरचाच होऊन जातो. सुझुकींच्या जगात शत्रू मारून संपवण्यापेक्षा जेवायला बसवून संपवले जातात. मिझुकी या पांढऱ्या सापाचंही तसंच. त्याच्या देवळाची देवी केव्हाच नाहीशी झाली, भक्त येईनासे झाले, तरी तो एकटा तिथे थांबून राहिला. त्या एकटेपणात तो नानामीला पळवून नेतो. हे कृत्य वाईटच, आणि मांगा तसं म्हणतेही. पण ज्या देवाची आठवण कुणाला उरली नाही त्याच्या सेवकाने काय करावं, हा प्रश्न तिथे जो उभा राहतो तो पुसला जात नाही.

पांढरा साप, कोल्हा आणि तेन्गू ही मंडळी सुझुकींनी मनाने उभी केलेली नाहीत, आणि यातल्या काहींचा प्रवास आपल्या दारावरून झालेला आहे. जपानमध्ये पांढरा साप हा बेन्झाइतेनचा दूत मानतात, आणि बेन्झाइतेन म्हणजे बौद्ध धर्मासोबत तिकडे गेलेली आपली सरस्वती. तिची वीणा तिथे बिवा झाली आणि पाण्याशी असलेलं तिचं नातं टिकून राहिलं. कोल्हा हा धान्याच्या इनारी देवाचा सेवक. क्योतोचं फुशिमी इनारी त्याचं मुख्य स्थान. पण पांढऱ्या कोल्ह्यावर बसलेली दाकिनीतेन ही दुसरी देवता याच इनारीत मिसळून गेली आहे, आणि ती मूळची भारतातली डाकिनी. आपल्याकडे जिच्या नावाने पोरांना भीती घालतात ती डाकीण तिकडे व्यापाऱ्यांना बरकत देते. आइची प्रांतातलं तोयोकावा इनारी हे चक्क बौद्ध मंदिर तिचंच. नऊ शेपट्यांच्या तमामो-नो-माए या मायावी कोल्हीच्या आख्यायिकेत तर ती जपानला येण्याआधी चीनमध्ये आणि त्याही आधी भारतात एका राजपुत्राला नादी लावते. तो राजपुत्र म्हणजे आपला नरभक्षक कल्माषपाद. तेव्हा मराठी वाचकाने या देवळात शिरताना फार परकं वाटून घ्यायचं कारण नाही.

या मालिकेतला मला सर्वांत आवडलेला भाग इझुमोचा. चांद्र पंचांगाच्या दहाव्या महिन्यात जपानभरचे देव आपापली देवळं सोडून इझुमोला जमतात आणि वर्षभराच्या जोड्या ठरवतात, अशी समजूत आहे. म्हणून त्या महिन्याला बाकी देशात देव नसलेला महिना म्हणतात आणि फक्त इझुमोत देव असलेला महिना. नानामीला या संमेलनाचं बोलावणं येतं. तोमोए मागे राहतो, तिचं रूप घेऊन तिच्या शाळेत जातो, आणि तिकडे संमेलनात ही नवखी मुलगी जुन्या मुरलेल्या देवांच्या कुजबुजीत उभी राहते. कार्यालयात पहिल्या दिवशी गेलेल्या कुणालाही ही कुजबुज ओळखीची वाटेल. तिथूनच ती पाताळाच्या उतारावर पोचते, योमोत्सु हिरासाकावर. ७१२ च्या ‘कोजिकी’ या ग्रंथात इझानागी हा आद्यदेव मेलेल्या बायकोला परत आणायला जातो आणि जिथून पळत सुटतो ती हीच जागा. सुझुकी एवढा मोठा पुराणसंदर्भ घेतात आणि त्यावर प्रवचन देत नाहीत. मुलगी तिथे जाते कारण कुणीतरी आत अडकलंय, बस्स.

चित्रांबद्दल सांगायचं तर पहिल्या खंडातली रेषा जरा बुजरी आहे, पुढे ती मोकळी होते. चेहरे क्षणात सुंदर आणि क्षणात बटाट्यासारखे गोल होतात. भावना फार ताणली जाते आहे असं वाटलं की लेखिका पात्रांना लहान, ढोबळ आकाराची करून टाकते आणि ताण उतरवते. पानाच्या कडेला कधी कधी एक उभी पट्टी दिसेल, तिच्यात लेखिका वाचकांशी गप्पा मारते. मासिकात छापताना ती जागा जाहिरातीसाठी राखलेली असते. पुस्तक काढताना ती मोकळी पडते आणि शोजो लेखिका तिथे आपलं खाजगी काहीबाही लिहितात. ती वगळू नका. आणि अर्थात, पान उजवीकडून डावीकडे वाचायचं.

उणिवाही आहेत. नानामी संकटात सापडते आणि तोमोए धावून येतो, हा प्रसंग इतक्यांदा घडतो की मधल्या खंडांत वाचकाला पुढचं पान न उलटताच कळतं. तोमोएचा भूतकाळ रक्ताने माखलेला आहे. अकुरा-ओ नावाच्या जोडीदाराबरोबर त्याने जे केलं त्याचा हिशेब मांगा पुरता मागत नाही. तो देखणा आहे आणि पस्तावलाय, एवढ्यावर सोडून देते. शेकडो वर्षांचा कोल्हा आणि शाळकरी मुलगी या वयाच्या फरकाकडे तर कथा विनोदानेच बघते, आणि आजच्या वाचकाला तिथे थोडं अवघडल्यासारखं झालं तर त्यात वाचकाचा दोष नाही. भूतकाळाचा जो लांब भाग येतो, पाचशे वर्षांपूर्वीच्या युकिजी या स्त्रीभोवतीचा, तो लक्ष देऊन वाचावा लागतो, कारण काळाचे धागे एकमेकांत अडकलेले आहेत. तो गुंता सुटतो तेव्हा मात्र आधीच्या कितीतरी हलक्या प्रसंगांचा अर्थ बदलतो. त्यापलीकडे मी काही सांगणार नाही.

एक सांगते, कारण ते पहिल्या खंडापासून उघड आहे. योकाई जवळजवळ अमर, माणूस साठ-सत्तर वर्षांचा पाहुणा. हा पेच अशा कथांत नेहमी येतो आणि बहुतेक लेखक त्यावर अश्रू ढाळून थांबतात किंवा मुलीला अमर करून मोकळे होतात. सुझुकी कुणी कुणासाठी काय सोडायचं हा प्रश्न खरोखर विचारतात, उत्तराची किंमतही लावतात आणि मालिका तिथेच संपवतात. लोकप्रिय मालिका वेळेवर संपवणं हे जपानमध्येही सोपं नाही.

ॲनिमे, म्हणजे या कथेचं ॲनिमेशन रूप, आधी बघितलं असेल तर हरकत नाही. अकितारो दाइची यांच्या दिग्दर्शनाखाली २०१२ मध्ये तेरा आणि २०१५ मध्ये बारा भाग आले. ‘फ्रुट्स बास्केट’चं २००१ मधलं पहिलं ॲनिमेही त्यांचंच. विनोदाची लय त्यांना अचूक साधली आहे. पण हे दोन्ही हंगाम मिळून कथेचा सुरुवातीचाच हिस्सा होतो, आणि हंगामानंतर निघालेले काही सुटे भाग धरले तरी बरंच काही पुस्तकातच राहतं. इंग्रजी पुस्तकं व्हिझ मीडियाने २०१० पासून काढली. पंचवीसही खंड एकदम घेऊ नका. आधी दोन-तीन घ्या. हिमेमिको आणि मिझुकी यांच्या गोष्टी वाचून काहीच वाटलं नाही, तर ही मालिका तुमच्यासाठी नाही, खुशाल सोडून द्या. वाटलं, तर निदान इझुमोपर्यंत जा. आणि घरात तेरा-चौदा वर्षांची मुलगी हे वाचत बसलेली दिसली तर ‘हे काय वाचतेस’ असं म्हणण्याआधी तिच्याकडून पहिला खंड मागून घ्या.